घंटा वाजेपर्यंत

क्योतोजवळच्या त्या मठात पहाटेच्या ध्यानानंतर एकेकाने गुरुजींच्या खोलीत जायचं, आपल्या मनाची अवस्था सांगायची आणि गुरुजींनी हातातली घंटा हलवली की मुकाट्याने उठून यायचं, असा शिरस्ता होता.

गेन्काई गेली अकरा वर्षं आत जाऊन सांगत होता, "गुरुजी, मन शांत आहे."

घंटा.

"आज तर अगदीच शांत आहे."

घंटा.

आणि सहा महिन्यांपूर्वी आलेला तोशुन, जो ध्यानात बसल्या बसल्या घोरायचा, तो आत गेला की घंटा वाजायचं नाव नसे. बाहेर रांगेत गुडघ्यांवर बसून गेन्काईचे गुडघे दुखत आणि जीव जळे.

शेवटी भाताचं पातेलं घासताना त्याने तोशुनला गाठलंच. "काय रे, एवढा वेळ गुरुजींच्या कानात काय ओततोस? माझ्या चहाड्या?"

"तुमच्याबद्दलच बोलतो, दादा," तोशुन मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही दगडासारखे बसता. मला पाच मिनिटं जमत नाही. तुम्हाला बघून नुसता जळफळाट होतो माझा. तेच रोज सांगतो."

दुसऱ्या दिवशी गेन्काई आत गेला. नेहमीचं वाक्य ओठांवर येऊन अडकलं.

"गुरुजी, मी त्या घोरणाऱ्यावर जळतो. सहा महिने झाले."

गुरुजींचा घंटेकडे गेलेला हात थांबला.




त्या सकाळी बाहेर रांगेत तोशुनचे गुडघे दुखले.