एका वेळी एकच

चौथी डिस्क भरत होती आणि ताईंची पाठ आखडली होती. इस्पितळाचा संगणक विभाग म्हणजे त्या एकट्याच. रुग्णांचे सगळे स्कॅन सहा डिस्कच्या एका पेटीत होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. डिस्क जुन्या झाल्या होत्या. एक काढून नवी घातली की बाकीच्या पाचांवरून ती भरून निघे. पण त्याला पूर्ण दिवस लागे. तेवढ्यात आणखी एक गेली, तर सगळंच गेलं.

अधीक्षक दारात आले. "अजून दोन? एकदमच काढा की."

"दोन काढल्या तर काही उरणार नाही, साहेब."

"मग नाही उरलं." ते घुटमळले. "जुनी पेटी आहे. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नणंद रजा काढून बसलेली. मोह झालाच.

"नको," कोपऱ्यातल्या खुर्चीतून डॉक्टर म्हणाले. "एकेकच."

स्कॅन वाचणारे हे डॉक्टर रोज हातातलं काम संपलं की इथे येऊन बसत. वर्षापूर्वी एक बाई दगावल्या होत्या. त्यांच्या फुप्फुसातली गाठ डॉक्टरांनी पाहिलीच नाही, अशी मुलीची तक्रार होती. सोमवारी चौकशी होती. तो स्कॅन याच पेटीत होता.

अधीक्षक त्यांच्याकडे न बघताच निघून गेले.

"तुमचे वर्गमित्र ना हे?" ताई चिडून म्हणाल्या. "आणि तुमच्याच मुळावर उठलेत."

डॉक्टर थकल्यासारखं हसले. "तेवढा स्कॅन राहू दे, ताई."

पाचवी भरताना जुनी सहावी अडखळायला लागली. पडद्यावर लाल ओळी येत होत्या. ताईंनी नणंदेला फोन केला, "आज माझी वाट बघू नका." डॉक्टरांनी चहा आणला, तो दोघांच्याही हातात गार झाला. रात्री उशिरा पाचवी पुरी भरली. दुसऱ्या दिवशी सहावीही बदलली. ताईंना वाटलं, एक भला माणूस वाचला.

सोमवारी चौकशी अधिकाऱ्यांनी स्कॅन उघडायला सांगितला. ताईंनी उघडला. उजव्या फुप्फुसात बोराएवढी पांढरी गाठ होती. ती ताईंनाही दिसली.

अधीक्षकांनी मान खाली घातली.

डॉक्टर समोर बसलेल्या, त्या बाईंच्या मुलीकडे वळले. "तुमची तक्रार आली, त्याच दिवशी मी हा पुन्हा बघितला होता," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे."