मिस्त्रींची वीत

"दोन विती आणि साडेपाच पेरं," चाकाजवळून उठत मिस्त्री म्हणाले. "म्हणजे साडेतेवीस. फोड तो साडेतीन इंची सेट."

शेजारचा पार्टवाला दोन्ही खोकी घेऊनच आला होता. शॉकर, स्प्रिंगा, बॉल जॉइंट, पुढचं सगळं सामान एकेका खोक्यात. एका खोक्यातला सेट गाडीला पुढून दोन इंच उचलणारा, दुसऱ्यातला साडेतीन. सील फोडलं की माल परत घेणार नाही, हे त्यानं दारातूनच सांगून टाकलं होतं.

पिकअप होती काचवाल्याची. अशी गाडी कंपनीतून येते तीच नाक खाली आणि शेपूट वर करून. मागे काचा उभ्या न्यायच्या तर ती समतल हवी, म्हणून त्यानं पूर्वी कुठल्याशा गॅरेजात ती पुढून उचलून घेतली होती. किती उचलली, ते आता त्यालाही आठवत नव्हतं. शॉकर गळत होते, बॉल जॉइंट खडखडत होते आणि उद्या शाळेच्या खिडक्यांच्या काचा घेऊन त्याला घाट उतरायचा होता.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत कंपनीचं माप वीस इंच. त्याच्यावर भरेल तेवढी गाडी उचललेली, इतका साधा हिशोब. मिस्त्री तो हातानं करत. त्यांची वीत नऊ इंचांची, ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त. अख्ख्या बाजारात ती काळ्या दगडावरची रेघ होती.

सून मात्र टेप घेऊन चाकाशी बसली. गॅरेज आता तीच चालवत होती. तिचा नवरा बँकेत होता. बॉनेट कुठून उघडतं हे त्याला लग्नानंतर बायकोनं दाखवलं होतं. गेल्या महिन्यात दोन गाड्या टायर एका बाजूनं खाऊन परत आल्या, तेव्हा मिस्त्रींनी टायरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. तिला ते तेव्हाच पटलं नव्हतं.

"बावीस," ती म्हणाली.

"टेप वाकडी धरलीस."

"नाही बाबा. बावीसच. दोन इंची बसवायचा."

पार्टवाल्यानं सील फोडायला नेलेलं पातं मागे घेतलं. काचवाल्यानं खिशातली स्वतःची टेप काढली. काचेत सूतभर चुकलं की तावदान चौकटीत बसत नाही, तेव्हा त्याची टेप खोटं बोलण्यातली नव्हती. त्यानं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि टेप खिशात टाकली.

"येतंय बावीस. पण मिस्त्री म्हणतात तर साडेतेवीसच असेल, वहिनी. घाला साडेतीन इंची."

सुनेला हसावं की रडावं कळेना. गाडीची बाकीची जोडणी दोन इंचांची; त्यावर दीड इंच जास्त म्हणजे बॉल जॉइंट तिरका ताणून बसणार. सपाटीवर तो दिवस काढेल. घाटातल्या वळणावर निखळला तर चाक एकीकडे आणि हा भला माणूस काचांसकट दुसरीकडे.

"बाबा, हात द्या इकडे," ती म्हणाली.

"कशाला? हातच्या कांकणाला आरसा?"

"द्या तर."

तिनं टेबलावर टेप पसरून धरली. मिस्त्रींनी अंगठा शून्यावर रोवला आणि करंगळी ताणली. करंगळी सव्वाआठवर थांबली. त्यांनी दुसऱ्या हातानं ती पुढे ढकलली. सांध्यातून कळ गेली असावी, कारण त्यांचा जबडा घट्ट झाला. पण करंगळी सव्वाआठच्या पुढे सरकली नाही. बोटांची पेरं गाठाळली होती. मोजताना रोज डोळ्यांसमोर असलेला हात त्यांनी कधी मोजलाच नव्हता.

सुनेला फार वाईट वाटलं. चारचौघांत नको होतं करायला, असंही वाटलं. पण तिनं टेप गुंडाळली नाही.

पार्टवाला छताकडे बघू लागला.

"दोन इंची फोड," मिस्त्री म्हणाले.

खोकं फुटलं. सुनेनं शॉकर उचलून बाकावर ठेवले आणि जॅक ओढायला वळली.

"थांब. मागच्या हिवाळ्यात बोटं आखडायला लागली होती माझी. तेव्हापासून मी मापून दिलेल्या उचललेल्या गाड्या किती?"

तिला आकडा पाठ होता. "अकरा."

"त्यातल्या दोन टायर खाऊन आल्या."

"हो."

"उरल्या नऊ." ते काचवाल्याच्या पिकअपकडे बघत राहिले. "सगळ्यांना आजच बोलाव."

तिनं फोन हातात घेतला. "सांगते, कंपनीनं तपासणीसाठी बोलावलंय म्हणून. लोक येतील. तुमचं नाव यायला नको त्यात."

"कंपनीनं काय घोडं मारलंय?" मिस्त्रींनी हात पुढे केला. "दे तो इकडे. तू गाडी उचल, हा माणूस खोळंबलाय."

ती जॅक घेऊन गाडीखाली सरकली. वरून त्यांचा आवाज आला, इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय असलेला, रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू जाईल असा.

"मिस्त्री बोलतोय. गाडी जिथं असेल तिथं हळू चालवा आणि इकडे आणा. माप चुकलंय. नाही नाही, गॅरेजातल्या पोरांचं नाही. माझं."