काकांचं फोल्डर

आठ दिवस झाले, नवऱ्याच्या कॉम्प्युटरमधल्या फायली सुनेत्राबाईंच्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हत्या. हे विद्याधरपंतांनी मुद्दाम केलंय, याबद्दल बाईंना शंकाच नव्हती.

"बत्तीस वर्षांत या घरात कपाटाला कुलूप लागलं नाही. आता काय लपवताय?"

विद्याधरपंतांनी पेपरात डोकं खुपसलं.

दुरुस्तीला आलेल्या रेश्माने वायफाय तपासलं, केबल बदलून पाहिली. सगळं ठीक होतं. पासवर्ड केव्हाच बंद झाले होते. घरातले कॉम्प्युटर आता माणसाला त्याच्या टायपिंगवरून, बोलण्यावरून, सवयींवरून ओळखत आणि ओळख पटली तरच फाइल देत.

"काकू, काकांनी काहीच बंद केलेलं नाही," रेश्मा चाचरत म्हणाली. "त्यांचा कॉम्प्युटर तुम्हाला ओळखत नाहीये. तुमच्या लेकीचाही नाही. समोर बसलेली बाई सुनेत्राकाकू नाही, असं म्हणतायत दोन्ही."

"म्हणजे लेकीलाही फितवलं यांनी!" सुनेत्राबाई उसळून उठल्या. "तू बस गं. आल्यापासून तुला साधा चहासुद्धा विचारला नाही मी."

त्या तरातरा आत गेल्या. रेश्मासमोर आधीच तीन कप होते. एक रिकामा, दोन भरलेले. विद्याधरपंतांनी पेपर खाली ठेवला आणि ते कप सरकवून चौथ्यासाठी जागा केली.