हात न सोडता

या बाबांनो, जरा जवळ सरका. हरिनामाआधी एक गोष्ट सांगतो. आपल्या सांगलीत ब्राह्मीताई म्हाताऱ्यांना ज्युदो शिकवते. कुणाला चीत करायला नव्हे हो. तोल कसा सावरायचा, आणि गेलाच तोल तर हाड न मोडता कसं पडायचं, त्यासाठी. सगळे पडताना हात मोकळे सोडून गादीवर आपटायचे. मेंढरं राखणारे धुळाआबा मात्र दोन्ही हात छातीशी आवळून सरळ पाठीवर पडायचे.

"आबा, हात सोडा! लागेल कधीतरी."

"सोडायचं न्हाईत म्हणून तर आलोय, पोरी."

"कवेत मेंढरू धरलंय का काय?" हळदवाले मदनशेठ हसले.

"मेंढरू बरं, शेठ, पाय तरी झाडतंय. आमची कारभारीण धोंडुबाई कमरंखाली लुळी पडलीया. रोज उचलून न्हाणीत न्यावी लागती. माझा पाय घसरला तर मी खाली आन् ती वर, एवढंच शिकव, पोरी."

ताईनं भुश्शाचं पोतं आणून आबांच्या कवेत दिलं. "आता पडा."

परवा आबा न्हाणीत घसरले. खुबा मोडला. धोंडुबाईंना खरचटलंसुद्धा नाही. ताई दवाखान्यात गेली, तर आबा लेकरासारखे हसले. "हात सुटलं न्हाईत बघ!" मग मोडलेल्या खुब्याकडे बघून म्हणाले, "पण पोरी, आता तिला उचलंल कोण?"

माउलींनो, टाळी वाजवायला हात वर कराल, तेव्हा त्या धोंडुबाईंची आठवण ठेवा; त्यांना उचलायला हात हवेत.