मेजापाशी याकोमिना

चौथ्या बाकावरून याकोमिना कॉपेयान उठली, तेव्हा शेजारच्या तानेकेला वाटले की तिला बरे वाटत नसावे. वाट देण्यासाठी तानेकेने गुडघे आक्रसून घेतले. परंतु याकोमिना दाराकडे वळली नाही. ती मधल्या वाटेने पुढे निघाली, जिथे पांढरे कापड अंथरलेल्या लांब मेजाभोवती मंडळीतली अकरा माणसे प्रभुभोजनाला, येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, बसली होती. चर्चमध्ये त्या सकाळी चारशे माणसे होती.

बांधाआडच्या त्या डच गावात मेजापाशी कोणी जावे, हा चर्चेचा विषय नव्हता. ज्याला देवाने जगाच्या आरंभापूर्वीच निवडले आणि तशी खूण ज्याच्या अंतःकरणात पटवली, तो जातो. बाकीचे बाकावर बसून पाहतात, बहुधा मरेपर्यंत. आपण होऊन जाणे ही चोरी. अपात्र माणसाने घेतलेला तो घास त्याच्यावरचा दंड ठरतो, हे पाळकांनी अर्ध्या तासापूर्वीच प्रवचनात बजावले होते.

मागच्या बाकावरून तानेकेची सून कुजबुजली, की आता सगळेच स्वर्गाला निघाले तर तिथे खुर्च्या पुरायच्या नाहीत. तानेके हसली नाही. पावाच्या दुकानातसुद्धा मागच्याला पुढे जाऊ देणारी ही बाई. तिची काळी टोपी मेजाच्या दिशेने सरकताना तानेके पाहत राहिली.

मेजाच्या टोकाची एक खुर्ची रिकामी होती. तिच्या अलीकडच्या खुर्चीवर मारिनुस कॉपेयान बसला होता: मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, आणि याकोमिनाचा नवरा. बत्तीस वर्षे तो या मेजापाशी बसत होता आणि ती चौथ्या बाकावर. याकोमिनाने खुर्ची ओढली. दगडी फरशीवरचा तो आवाज वरच्या सज्ज्यापर्यंत ऐकू गेला.

तरुण पाळकांचे वाक्य अर्ध्यावर तुटले. भाकरीचे ताट एव्हाना हातोहात फिरत मारिनुसपर्यंत आले होते. ते शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायचे, हात लांबवून कोणी घ्यायचे नाही, अशी तिथली रीत होती. पाळकांनी मारिनुसकडे पाहिले आणि मग नजर कापडावर नेली.

मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याच्या वादात मारिनुसला गावात कोणी हरवले नव्हते. माणसाला निवड करताच येत नसेल, तर त्याला पापाचा जाब तरी का विचारायचा, असे जावई दर रविवारी जेवताना विचारी. मारिनुसचे उत्तर ठरलेले असे. बांधाआडचे पाणी बांधाचे दार स्वतः उघडत नाही, दार उघडणारा वेगळा असतो. आणि तरी पाण्यातली घाण ही पाण्याचीच असते. जावई मग बशी पुढे करी. याकोमिना त्या वेळी बटाटे वाढत असे.

आता तो तिच्याकडे झुकला. तो हळूच बोलला, पण शांतता अशी होती की पहिल्या तीन बाकांना शब्दन् शब्द कळला.

"तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही."

"काही ऐकू आलं? एखादं वचन? रात्री, स्वप्नात?" त्याच्या स्वरात जरब राहिली नव्हती, तिने नुसते हो म्हणावे, एवढेच त्याला हवे होते.

"काही नाही, मारिनुस. पुष्कळ वाट पाहिली. आज सकाळी तुझे बूट पुसत होते, तेव्हा मनात आलं, जावं. म्हणून आले."

"मनात आलं," तो म्हणाला. "कोणाच्या मनात?"

"माझ्याच. दुसऱ्याचं मन कुठून आणू?"

याकोमिनाने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"तू नको म्हणालास तर मी उठून जाईन," ती म्हणाली. "पण देवाला नको आहे, असं सांगू नकोस. तू नको म्हण."

ताट त्याच्या हातात होते. ते पुढे केले, तर या बाईला तिचा दंड आपल्या हाताने वाढल्यासारखे होते. न करावे, तर देवाने हिला टाकले असे चारशे माणसांदेखत जाहीर केल्यासारखे. माणूस काही करत नाही, त्याच्याकडून करवले जाते, हे मानणे मारिनुसला आजवर एकदाही जड गेले नव्हते. त्याने डोळे मिटले. त्याचे ओठ हलू लागले. वरून ओढ येईल, हात इकडे किंवा तिकडे वळेल, आणि मग आपल्याला फक्त त्याच्यामागून जायचे, अशा भरवशाने तो थांबून राहिला.

सज्ज्यात कोणी खोकले आणि खोकला लगेच दाबला. पाळकांनी मान वर केली नाही. याकोमिना ताटाकडे पाहत नव्हती; ती त्याच्याकडे पाहत होती.

मारिनुसने डोळे उघडले, तेव्हा ताट होते तिथेच होते. वरून ओढ आली नव्हती; द्यायचे की नाही, हे आता त्याच्या एकट्यावर उरले होते. ताटाचा काठ धरलेला, शिरा फुगलेला तो म्हातारा हात जरासुद्धा हलला नव्हता; आणि न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडे पाहावे, तसा मारिनुस कॉपेयान त्या हाताकडे पाहत होता.