मांडीखालच्या चपला

खात्रीचा बदामाचा एक्का विरोधी गड्यानं हुकमाच्या दुर्रीनं कापला, तसा सर्जेराव ताडकन उठला. युसूफ वडगाव या गावच्या मेंढीकोट स्पर्धेत सलग तिसऱ्या वर्षी नशिबानं त्याला नाडलं होतं. गेल्या वर्षी तर तो तणतणत घरी गेला आणि जोडीला बसलेली बायको विजयमाला भरल्या मंडपात एकटी पडली. आताही तो चपला शोधू लागला. त्या विजयमालाच्या मांडीखाली होत्या. “काहून लपवल्या गं?” “अजून एक डाव हाय. हरलेल्यानं पिसायचं असतंय, बसा,” म्हणत तिनं पत्ते सरकवले. तो बसला. गुडघा हलायचा थांबेना, तरी त्यानं पत्ते पिसले आणि डाव बिनचूक खेळला. पुन्हा एक्क्याला दुर्रीच आडवी आली. स्पर्धा गेली. विजयमालानं चपला पुढं ठेवल्या. सर्जेराव पत्ते पिसत होता. “अवो, खेळ संपला!” “म्हाईत हाय. हरलेल्यानं पिसायचं असतंय.”