दुसरी कबर

धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या दर कबरीमागे तीन हजार युआन मिळणार होते. लुओ तिंगपांगच्या रानात वडिलांची एकच कबर. कबरींच्या मोजणीच्या आदल्या आठवड्यात त्याने शेजारी मातीचा दुसरा ढीग घातला आणि नोंदवहीत 'काका, वय एकाहत्तर' असं लिहवून घेतलं. अक्कल आईची. जागाही तिनेच दाखवली होती, नासपतीच्या झाडाखाली.

पण वर नेण्यासाठी हाडं उकरून मडक्यात पडल्याशिवाय सरकार पैसे सोडत नाही, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

खाली खिंडीत धरणाची कमानदार भिंत नदीच्या आड उभी होती. दारं बंद. पाणी तासाला वीतभर चढत होतं. सकाळी दिसणारं मक्याचं खालचं वावर आता दिसत नव्हतं.

वडील मडक्यात गेले. तिंगपांग दुसऱ्या खड्ड्यात उतरला. कोटाच्या आतल्या खिशात डुकराची हाडं तयार होती, पण मा आडनावाचे सरकारी कारकून वही घेऊन अगदी काठावर उभे. नजर हलवतील तर शपथ!

"आटपा, लुओ भाऊ. काकांना पोहता येत होतं का?"

आईने खड्ड्यावर काळी छत्री धरली. हाडांना ऊन लागू नये म्हणून धरतात, तशी. म्हातारी सोंग बरं वठवते, तिंगपांगच्या मनात आलं.

"काकांना जाऊन फार वर्षं झाली, साहेब. माती झाली असेल."

"खाली खण," आई म्हणाली.

"आई, पुरे की आता!"

"अजून हातभर."

हातभर खाली कुदळ अडली. बोटाएवढ्या दोन-तीन बरगड्या. एक चिमुकला जबडा. त्यात तांदळाच्या कण्यांसारखे दात.

मा साहेबांनी खड्ड्यात पाहिलं, वहीत पाहिलं. "वय एकाहत्तर," ते हळूच म्हणाले आणि पुढे बरोबरची खूण केली.

"हा कोण?" तिंगपांगने वर आईकडे पाहिलं.

"तुझा मोठा भाऊ. तीन वर्षांचा होता. लेकरांची कबर बांधत नाहीत आपल्यात. कबर नाही त्याला कोण मोजणार, कोण वर नेणार?" छत्री जराही हलली नाही. "उपासमारीचं साल. तू पोटात होतास. घरात दिवसाला एक वाटी पेज."

"मग?"

"मग काय? ती मी प्याले."